बारा बाय अठरा

हल्ली मी सासुरवाडीला जातो तेव्हा गावाच्या फाट्यावर उतरतच नाही. एक फाटा पुढे जाऊन उतरतो, तोंडाला रुमाल बांधतो आणि शेतांमधल्या पांदणीनं मागच्या दारानं घरात शिरतो. आमच्या वऱ्हाडात उन्हात तोंडाला रुमाल बांधलेला माणूस पाहून कोणी शंका घेत नाही, ही त्यातल्या त्यात देवाची कृपा. तरी परवा बांधावरून एका म्हाताऱ्यानं ओळखलंच. "काहो फूटवाले जवाई, कवा आले?" म्हणून तो एवढ्या मोठ्यानं ओरडला, की पलीकडच्या शेतातल्या निंदणाऱ्या बायांनी माना वर केल्या. मी रुमाल आणखी घट्ट आवळला.

आता हे बिरूद मला कसं लागलं, ते सांगायचीही लाज वाटते. पण लोक जे सांगतात ते याहून वाईट आहे, म्हणून मीच सांगतो.

मी अमरावतीला एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. आमच्याकडे माझी ख्याती एकाच गोष्टीबद्दल, ती म्हणजे माप. कागदाला डावीकडे किती समास सोडायचा, शिक्का सहीपासून किती अंतरावर मारायचा, यात मी भल्याभल्या साहेबांचे कागद परत पाठवलेले आहेत. "माप चुकलं की मजकूर चुकला" हे माझं वाक्य कार्यालयात माझ्या माघारी नकला करून म्हटलं जातं, हे मला माहीत आहे. म्हणू द्या. नक्कल मोठ्या माणसाचीच होते.

सासुरवाडी बार्शीटाकळीच्या पुढे. सासरे खुशालराव जाऊन बरीच वर्षं झाली. बैठकीत समोरच्या भिंतीवर त्यांचा मोठा फोटो आहे: टोपी, मिशा आणि तहसीलदाराकडे पाहावं तशी नजर. सासूबाई पार्वताबाई एक दिवस त्या फोटोखाली बसून मला म्हणाल्या, "जवाईबापू, तुमी कांप्युटरवाले हा. मले याईच्या एवढा माहा फोटो करून द्या. बाजूले लावाचा हाय."

माझी बायको ज्योत्स्ना एकदम भडकली. "माय, कायबी बोलून राहिली तू! जित्या मानसाचा फोटो कोनी मेलेल्याच्या बाजूले लावते का?"

"मेल्यावर तुमी लावसानच. पन मले का दिसनार हाय थो?"

ज्योत्स्नानं उत्तरासाठी माझ्याकडे पाहिलं. पण मी जावई असल्यामुळे मला ते देण्याची गरज नव्हती.

"पियुषच्या साक्षगंधाले पाव्हने येतीन," सासूबाई म्हणाल्या. पियुष म्हणजे त्यांचा नातू, माझा साळा बंडू याचा मुलगा; त्याचा साखरपुडा ठरला होता. "इथंच बसतीन. भिंतीवर हे एकटेच दिसतीन. या घरात बाई होती का नाही, कोनाले समजन? आन फोटो बराबरीचा पाह्यजे. कागद बराबरीचा नाही म्हनत मी, डोक्सं बराबरीचं पाह्यजे. जित्तेपनी मी याईच्या मांगंच बसली. आता भिंतीवर तरी बराबर बसू द्या."

बाईनं अख्ख्या जन्मात जावयाकडे काही मागितलं नव्हतं. मागितलं ते नेमकं माझ्या हातखंड्याचं. मी ताबडतोब ज्योत्स्नाची शिवणाची टेप मागवली, स्टुलावर चढलो आणि सासऱ्यांना मोजलं. कागद बारा इंच बाय अठरा इंच. चेहरा हनुवटीपासून टोपीच्या टोकापर्यंत नऊ इंच. बंडू खाली उभा राहून कौतुकानं पाहत होता. "भाऊजी, तुमी असे मोजून राहिले जसं काही बाबाले सदरा शिवाचा हाय," तो म्हणाला. मी दुर्लक्ष केलं.

मग फोटो काढायचा कार्यक्रम. सासूबाई माझ्यासमोर नेहमी पदर पार भुवयांपर्यंत ओढून, त्याचं टोक हनुवटीशी धरून वावरतात. जावयासमोर तसंच वागायचं, ही त्यांच्या पिढीची रीत. फोटोपुरता त्यांनी तो मागे घेतला, पण मोबाइल समोर धरला रे धरला की हात जोडायच्या. मी सासूबाईंना आत्याबाई म्हणतो. "आत्याबाई, हात खाली घ्या." घेतले. मी बटण दाबायला गेलो की पुन्हा जोडले. "समोर मानूस आलं त हात नाही जोडा लागत का?" त्यांनी मलाच विचारलं. शेवटी हात जोडलेलाच फोटो घेतला. चांगला आला होता, खोटं कशाला बोलू.

अमरावतीला आल्यावर पहिला पेच टोपीचा पडला. सासऱ्यांचा चेहरा टोपीसकट नऊ इंच, म्हणजे टोपी वजा केली तर किती? आणि ती वजा करायची का? आमच्या खालच्या घरात शफीकभाई राहतात. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून ते सल्ले मोफत देतात, पूर्वी त्यांना तिकीट लावावं लागायचं. ते म्हणाले, "साहब, टोपी तो गिननी पडेगी. टोपी आदमी की इज्जत है. लेकिन फिर उनका पल्लू भी गिनो. वो उनकी इज्जत है." मला हा निवाडा पटला. हनुवटी ते पदराचा काठ, नऊ इंच. ठरलं.

आता लॅपटॉपवर फोटो उघडला आणि स्क्रीनला पट्टी लावली. हसू नका. जगात कोणतीही वस्तू मोजायची तर पट्टी वस्तूलाच लावतात. अडचण एवढीच, की माझ्या लॅपटॉपची स्क्रीन नऊ इंच उंच नाही. म्हणून मी लॅपटॉप आडवा करून उशीला टेकवला, मान वाकडी केली आणि सासूबाईंचा चेहरा मोठा करत करत बरोबर नऊ इंचांवर आणला. तेवढ्यात ज्योत्स्ना चहा घेऊन आली. मी गादीवर आडवा, लॅपटॉप आडवा, तिची आई आडवी आणि मी तिच्या हनुवटीला पट्टी लावलेली. ती चहा ठेवून गेली आणि स्वयंपाकघरातून भांडी जोरात ठेवल्याचा आवाज आला.

तो फोटो छापून आणला तर चेहरा सुपारीएवढा. दुसऱ्यांदा मी बारा आणि अठरा हे आकडे जबरदस्तीनं कोंबले. चेहरा नऊ इंच झाला, पण रुंदी होती तेवढीच राहिली. "हे माही माय नाही," ज्योत्स्ना म्हणाली, "हे दुधी हाय." शफीकभाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि बीमारीतून उठल्या आहेत का, असं हळू आवाजात विचारलं. मी कागद पालथा ठेवला.

शेवटी वरच्या मजल्यावरच्या दामिनीला शरण गेलो. ती कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते आणि मला काका म्हणते, म्हणजे लाज थोडी कमी वाटते. तिनं पट्टीची गोष्ट ऐकली आणि खूप वेळ ओढणीत तोंड लपवून बसली. मग म्हणाली, "काका, पिक्सेलले इंच नसते."

"मंग का असते?"

"काहीच नसते. थे नुसते ठिपके. एका इंचात किती बसवाचे, थे छापताना आपन सांगा लागते. तीनशे बसवले त फोटो चांगला येते."

म्हणजे एवढे दिवस मी ज्याला मोजत होतो त्याला मुळात माप नव्हतंच! छापणाऱ्याला जे सांगाल तेच त्याचं माप. मी तिच्यासमोर बसून हिशेब केला. बारा इंचांना छत्तीसशे ठिपके, अठरा इंचांना चोपन्नशे. रुंदी-उंचीचं प्रमाण कुलूपबंद. कडेचं अंगण कापलं, चेहरा नऊ इंच केला. दामिनी म्हणाली, "काका, आता एकदम करेक्ट." त्या दिवशी मी कार्यालयात विनाकारण चार जणांशी गोड बोललो.

आता नुसता छापायचा राहिला होता. इथे निवडणूक आडवी आली. गावोगावच्या ग्रामपंचायतींच्या निवडणुका लागल्या, मला मतदान केंद्राचं काम लागलं, प्रशिक्षण लागलं आणि रजा बंद झाली. साक्षगंध जवळ आलेलं. बंडू फोनवर म्हणाला, "भाऊजी, फिकीर नका करू. मी अकोल्याले चाललोच, पाव्हन्याईच्या स्वागताचं फ्लेक्स बनवाले. तिथंच फोटो छापून घेतो. फाइल पाठवा."

मी फाइल पाठवली. ठिपके मरू नयेत म्हणून डॉक्युमेंट करून पाठवली, हे दामिनीचं शिक्षण. खाली लिहिलं: "१२ बाय १८. तंतोतंत. सूतभरही फरक चालणार नाही. चेहऱ्यावर काही लिहू नये."

आमच्या घरात कित्येक दिवस "बारा बाय अठरा" हेच चाललं होतं. आंघोळीच्या पाण्यातही मला बारा बाय अठरा दिसत होतं. त्यामुळे या वाक्यात काही राहिलं आहे, असं मला जिवात जीव असेपर्यंत वाटलं नसतं.

संध्याकाळी फ्लेक्सवाल्या अजहरचा फोन आला. मुलगा नम्र होता. "साहब, बारा बाय अठरा ही ना?"

"हो."

"पक्का? बहोत बडा होता साहब."

मला राग आला. "मोठाच पाहिजे. तो माणसाच्या मानाचा प्रश्न आहे."

"समझ गया साहब. इलेक्शन का टाइम है. फ्रेम लोहे की डालूं, या लकडी की?"

बैठकीतल्या फोटोला लोखंडी चौकट कोण बसवतो? पण अकोल्याची फॅशन असेल, असं वाटलं. "लाकडी. मजबूत हवी. भिंतीवरून पडता कामा नये."

"नहीं गिरेगा साहब, आंधी में भी नहीं गिरेगा. और शुभेच्छुक में किसका नाम डालूं?"

"माझंच टाका की," मी थट्टेनं म्हणालो. थट्टा करायची मला सवय नाही, तिथंच घात झाला.

फ्लेक्सच्या दुकानात सगळं फुटांत चालतं, हे आता मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. बंडू त्या दिवशी बाजार समितीत अडकला होता. फ्लेक्सवाल्याची माणसं छोटा हत्ती टेम्पो घेऊन परस्पर गावात आली, घर पाहिलं, भिंत पाहिली आणि आपसात हसली. एवढ्या मोठ्या मालासाठी गावात जागा एकच, फाट्यावरची. तिथे आधीच इच्छुकांचे फ्लेक्स लागलेले होते. त्या सगळ्यांच्या डोक्यावर बल्ल्या ठोकून त्यांनी माझ्या सासूबाईंना उभं केलं. बारा फूट रुंद, अठरा फूट उंच. चेहराच नऊ फुटांचा. हात जोडलेले. आणि यंदा सरपंचपद बायांसाठी राखीव.

खाली कोपऱ्यात, व्हॉट्सअॅपवरून उचललेल्या माझ्या फोटोशेजारी अक्षरं होती: "शुभेच्छुक : जवाईबापू". त्याखाली माझं नाव, माझं पद आणि माझं कार्यालय. अजहरनं कसर ठेवली नव्हती.

सकाळपासून माझा फोन वाजू लागला. पहिला फोन बंडूचा. त्याच्या तोंडून नुसतं "भाऊजी, भाऊजी" एवढंच निघत होतं. मग त्याची बायको रागिणी बोलली, "सासूबाई सरपंचपदाले उभ्या राहून राहिल्या, आन घरच्याइले पत्ता नाही! मले सांगतलं असतं त मी काय नाही म्हनली असती का?" गल्लीतल्या माणिकबाईंनी सरपंचपदाचा अर्ज भरला होता. त्या तर घरी येऊन रडल्या. "पार्वताबाई, तुह्यासाठी मी फारम मांगं घेतला असता वं. एवढा मोठा फोटो लावाची काय गरज होती?" दुपारपर्यंत दोन जण सासूबाईंकडे येऊन आपली मतं त्यांचीच, असं सांगून चहा पिऊन गेले.

आणि तिसऱ्या कोणीतरी तक्रार केली. सरकारी नोकर, त्यातही निवडणुकीच्या कामावर असलेला, उघड प्रचार करतो आहे म्हणून. मला तालुक्याच्या निवडणूक कक्षात बोलावणं आलं. शफीकभाई बसस्टँडपर्यंत सोडायला आले. "साहब, नौकरी का क्या होता, अल्ला मालिक," असा त्यांनी धीर दिला.

नायब तहसीलदार बाई तरुण होत्या. समोर पंचनामा होता.

"हा फलक तुम्ही लावला?"

"फलक नाही मॅडम, फोटो आहे. बैठकीत लावायचा."

"बारा बाय अठरा फुटांचा फोटो बैठकीत?"

"इंच, मॅडम."

"पंचनाम्यात फूट आहे. माणसं टेप घेऊन गेली होती."

"त्यांचं माप बरोबर आहे हो. माझं चुकलं."

हे वाक्य मी नोकरीत पहिल्यांदा उच्चारलं. पलीकडच्या टेबलावरच्या लिपिकानं काम थांबवून वर पाहिलं. तो माझ्या ओळखीचा निघाला; एकदा समास कमी म्हणून मी त्याचा प्रस्ताव परत केला होता.

"आणि नुसता चेहरा नऊ फूट?"

"पदरासकट, मॅडम."

बाईंनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि बराच वेळ तसाच धरला. मग म्हणाल्या, "लेखी खुलासा द्या."

मी लिहिलं, "सदर महिला ही उमेदवार नसून अर्जदाराची सासू आहे." त्या म्हणाल्या, "दोन्ही असू शकतात." मग मी टेपपासून पिक्सेलपर्यंत सगळं लिहून दिलं. स्क्रीनला पट्टी लावल्याचंही लिहिलं, कारण बाईंनी "पूर्ण" खुलासा म्हटलं होतं. सासूबाईंनी अर्ज भरलेलाच नव्हता, म्हणून समज देऊन मला सोडलं. पण तो खुलासा त्या कक्षात प्रत्येकानं वाचला, आणि त्या ओळखीच्या लिपिकानं अमरावतीला फोन केला. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर कोणीतरी शिवणाची टेप ठेवली होती. साहेबांनी बोलावून विचारलं, "काय हो, तुमची खुर्ची किती फुटांची आहे?" मी हसलो नाही. बसलोही नाही.

फ्लेक्स उतरला. पण बैठकीतली भिंत रिकामीच होती आणि साक्षगंध तोंडावर होतं. मी ज्योत्स्नाला म्हणालो, "आता मीच छापून आणतो. इज्जत गेली ती गेली, पण तुझ्या आईचं काम सूतभर चुकणार नाही." प्रशिक्षण संपलेलं, एक दिवसाची रजा मिळाली. अमरावतीच्या चांगल्या फोटो लॅबमध्ये जायचं ठरवलं. त्याआधी फाइल पुन्हा उघडून कसून तपासली. मोठं करून पाहतो तर कपाळावर आणि हनुवटीवर बारीक हिरवट ठिपके. मोबाइलच्या भिंगावर धूळ बसली असणार. एवढ्या अचूक कामात ही घाण राहिली कशी, म्हणून मी स्वतःवरच चिडलो. दामिनीनं बसवून दिलेल्या प्रोग्राममध्ये डाग काढायचं एक बटण आहे. एकेक ठिपका शोधून साफ केला. चेहरा कसा लख्ख झाला.

लॅबवाल्याच्या पावतीवर मी स्वतः "इंच" असं लिहिलं आणि त्याखाली दोनदा रेघ ओढली.

साक्षगंधाच्या सकाळी फ्रेम घेऊन पोचलो. बंडूनं खिळा ठोकला. मी सगळ्यांसमोर टेप लावली. कागद बारा इंच बाय अठरा इंच. डोक्सं नऊ इंच, टोपी ते पदर एका रेषेत. रागिणी म्हणाली, "आता जमलं बाप्पा." बंडूनं माझी पाठ थोपटली. मला भरून आलं, खरंच. बऱ्याच दिवसांनी ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "आत्याबाईंना बोलवा."

सासूबाई आल्या. नवं लुगडं नेसलेल्या. फोटोसमोर उभ्या राहिल्या. खूप वेळ पाहत राहिल्या.

"हे कोन व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो. "आत्याबाई, तुमीच."

"मी नाही."

मग त्यांनी माझ्यासमोर पदर मागे घेतला. मोबाइलसमोर घेतला होता तसाच, पण या वेळी माझ्यामध्ये आणि त्यांच्यामध्ये मोबाइल नव्हता. कपाळावर मधोमध हिरवं गोंदण होतं, पाच ठिपक्यांचं. हनुवटीवर एक. इतक्या वर्षांत मी त्यांचं कपाळ असं समोरून पाहिलंच नव्हतं.

"हे कोठी गेलं?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "त्या मोठ्या फोटोत होतं. मी फाट्यावर जाऊन पाह्यलं."

"आत्याबाई, मले वाटलं... धूळ..."

"हे गेले त कपायाचं कुंकू पुसलं. बांगड्या फोडल्या. हे माह्या मायनं मांडीवर बसवून गोंदून देल्लं होतं. हे कोनाले पुसता आलं नाही. तुमी पुसलं, जवाईबापू."

ज्योत्स्ना माझ्याकडे पाहत नव्हती. मी खिशाला हात घातला. फायलींवर नाव लिहायचा मार्कर माझ्याजवळ कायम असतो. फ्रेम उतरवली, काच काढली, मार्करचं टोपण काढलं आणि तसाच उभा राहिलो. मार्कर कुठे टेकवायचा, तेच कळेना.

"राहू द्या," सासूबाई म्हणाल्या आणि मार्कर घेतला. डाव्या हाताचं बोट स्वतःच्या कपाळावर फिरवून एकेक ठिपका चाचपला आणि उजव्या हातानं फोटोवर टेकवत गेल्या. पाचही. मग हनुवटीचा. मार्कर मला परत दिला, पदर पुन्हा भुवयांपर्यंत ओढला आणि बंडूला म्हणाल्या, "लाव आता."

तेवढ्यात बाहेर पाव्हण्यांची गाडी थांबली. माणसं आत आली, सतरंजीवर बसली. मुलीच्या आजीनं भिंतीकडे पाहिलं आणि पाहतच राहिली. मी पाण्याचा ट्रे घेऊन तिथेच उभा होतो.

"लय बेस फोटो हाय बाई," ती म्हणाली. "हुबेहूब. कोनं काहाडला?"

"माह्या जवायानं," सासूबाई म्हणाल्या. "त्याईच्यासारखं काम कोनाले जमत नाही."

मी ट्रे सतरंजीवर ठेवला आणि आत गेलो. साक्षगंध आटोपून पाव्हणे निघेपर्यंत मी बाहेर आलो नाही.